परगावच्या कबड्डीला जाताना: यजमानांच्या गर्दीत बसण्याची रीत

पूर्व विदर्भात भाऊबीज आटोपली की मंडईचे, म्हणजे गावोगावच्या जत्रांचे, दिवस सुरू होतात. धानाची कापणी, दंडार हे लोकनाट्य, नाटक, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती आणि कबड्डी हे सगळे एकाच हंगामात येते, आणि एका गावचा संघ दुसऱ्या गावच्या मैदानावर उतरतो तेव्हा त्याच्याबरोबर दोन-तीन गाड्या भरून गावकरीही जातात. खेळाडूंनी काय करायचे हे प्रशिक्षक सांगतो आणि नियमपुस्तकातही लिहिलेले असते. गाड्या भरून गेलेल्या गावकऱ्यांनी तिथे कसे वागायचे, हे मात्र कोणीच सांगत नाही. मैदानावर झटापट झालेले दोन खेळाडू पुढच्याच क्षणी एकमेकांना हात देऊन उठवतात. भांडण लागते ते बहुधा दोरीबाहेर बसलेल्यांत. पुढील सूचना दोरीबाहेरच्या पाहुण्यांसाठी आहेत.

व्यावसायिक फुटबॉलने हा प्रश्न माणसे वेगळी बसवून सोडवला आहे. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये पाहुण्या क्लबच्या समर्थकांसाठी ३,००० तिकिटे, आणि मैदान लहान असेल तर क्षमतेच्या १० टक्के तिकिटे, वेगळ्या भागात राखून ठेवतात. यजमानांच्या भागात पाहुण्या संघाचा शर्ट घालून बसलेल्या माणसाला उठवून बाहेर काढले जाऊ शकते. अर्जेंटिनाने तर २०१३ मध्ये पाहुण्या समर्थकांना मैदानात येण्यासच बंदी केली. आपल्या देशातही १६ ऑगस्ट १९८० रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर ईस्ट बंगाल आणि मोहन बागान यांच्या सामन्यात मैदानावरची चकमक प्रेक्षकांत पसरली आणि १६ प्रेक्षकांचा जीव गेला. गावच्या कबड्डीत वेगळे दार नाही, कुंपण नाही आणि तिकीटही बहुधा नाही; चार-सहा बांबू, त्यांना बांधलेला दोर आणि खाली अंथरलेली तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, एवढीच बैठक असते, आणि तिथे यजमान व पाहुणे गुडघ्याला गुडघा लावून बसतात. म्हणून इथली सारी व्यवस्था माणसांच्या वागण्यावरच चालते, आणि त्यातला मोठा वाटा पाहुण्यांचा असतो.

निघण्यापूर्वी

संघासोबत किती गाड्या येणार आहेत, हे आपल्या संघाच्या व्यवस्थापकाने आयोजक मंडळाला आदल्या दिवशी फोन करून कळवावे. गाडीत बसवताना दारू प्यालेल्या माणसाला, तो कितीही जवळचा असला आणि त्याचा आवाज कितीही मोठा असला तरी, खाली उतरवावे. एवढे एक पथ्य पाळले तरी पुढच्या अर्ध्या सूचनांची गरज उरत नाही. गुराख्याची काठी, बांबूला बांधलेला झेंडा, फटाके आणि गुलाल घरीच ठेवावेत. संघाच्या रंगाची जर्सी किंवा दुपट्टा घालून जाण्यात काही गैर नाही.

गाडी लावताना जागा बघून लावावी. कार्तिक-मार्गशीर्षात मोकळी दिसणारी जागा ही बहुतेक वेळा कोणाचे तरी खळे असते, आणि शेजारी धानाचे पुंजणे रचलेले असतात. कोणाच्या वर्षभराच्या पिकाशेजारी बिडी पेटवून फेकणारा पाहुणा हा त्या गावाला कायमचा लक्षात राहतो. गाडीचे तोंड रस्त्याच्या दिशेने करून ठेवावे, म्हणजे रात्री निघताना गर्दीत मागे-पुढे करावे लागत नाही.

कोठे बसावे

मैदानाच्या दोन टोकांना, अंतिम रेषेमागे, दोन्ही संघांचे राखीव आणि बाद झालेले खेळाडू बसतात. आपल्या संघामागे बसण्याचा मोह होतो. पण मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात आणि पूर्वार्धात जिथे आपले खेळाडू होते तिथे उत्तरार्धात यजमानांचे येऊन बसतात. त्या वेळी पाहुण्यांचा घोळका उठून मैदानाला वळसा घालू लागला की लोकांच्या पायांवर पाय पडतात आणि कुरबुर सुरू होते. त्यापेक्षा पहिल्यापासूनच मध्यरेषेच्या आसपास, बाजूच्या दोराला धरून, दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत बसावे. पहिली ओळ गावातल्या लहान मुलांची असते, ती त्यांचीच राहू द्यावी.

गुणलेखकाच्या टेबलाजवळ बसू नये. तिथे बसलेला पाहुणा निरुपद्रवी असला तरी एखादा गुण चुकीचा लिहिला गेला की सर्वांच्या नजरा त्याच्याकडे वळतात. बायकांसाठी राखलेल्या बाजूला पुरुषांनी जाऊ नये. आपल्या गावच्या बायका सोबत असतील तर त्यांनी यजमान बायकांतच बसावे. "मावशी, थोडं सरकता का जी?" एवढे म्हटले की जागा होते, आणि बरेचदा अंगावर पांघरायला चादरीचे एक टोकही मिळते.

पंधरा-वीस जणांनी एकगठ्ठा बसावे की विखरून बसावे, याबद्दल दोन मते आहेत. माझे मत असे की तिघा-चौघांच्या लहान टोळ्यांनी बसावे. मोठा घोळका स्वतःच्याच आवाजाने चढत जातो आणि यजमानांना तो फळी उभी केल्यासारखा वाटतो; एकटा माणूस चिडला तर त्याला आवरणारा जवळ कोणी नसतो. प्रत्येक टोळीत एक वयस्कर माणूस असावा, ज्याने हात धरला तर तरुण पोर खाली बसेल.

आपण कोणाचे, हे लपवू नये

बसल्यावर पहिल्या पाच मिनिटांत शेजारचा माणूस विचारतोच, "कोन्या गावचे जी तुमी?" या प्रश्नाला सरळ गावाचे नाव सांगावे. "आम्ही असेच, सामने पाहायला आलो" असे गुळमुळीत उत्तर देणारे लोक मी अनेक पाहिले आहेत, आणि आपल्या संघाने पहिली पकड केली की त्यांच्या तोंडून निघालेली आरोळीच त्यांचे बिंग फोडते. शिवाय आपल्याकडे सोयरिकी याच पंचक्रोशीत होतात. समोरच्या गावात आपली आत्या दिलेली असते, नाही तर त्या गावची मुलगी आपल्या घरात सून असते, आणि दोन ओळी पलीकडे बसलेला कोणीतरी आपल्याला अमक्याचा साळा म्हणून ओळखत असतो. लपवलेली गोष्ट उघडी पडली की माणूस खोटा ठरतो, आणि खोट्या माणसाच्या टाळीतही लोकांना टोमणा ऐकू येतो.

गाव सांगितल्यावर लगेच आपल्या संघाचे पोवाडे गाऊ नयेत. त्यांच्या संघातला चांगला चढाईपटू कोण, स्पर्धा किती वर्षांपासून भरते, हे विचारावे. शेजारी म्हातारा माणूस असेल तर त्याला जुन्या हुतूतूविषयी बोलते करावे. या खेळाचा विदर्भाला सार्थ अभिमान आहे, कारण १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे कबड्डीचे प्रात्यक्षिक अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने दाखवले होते, आणि या विषयावर दोन्ही गावांचे एकमत व्हायला अडचण पडत नाही. सामना सुरू होण्याआधी अशी दहा मिनिटे बोलणे झाले असेल तर पुढे वादाच्या वेळी तोच म्हातारा "बसा जी, पाहुने आहेत" म्हणून आपल्या पोरांना दटावतो.

ओरडावे कसे

पाहुण्याने गप्प बसावे, असे मी म्हणणार नाही. तोंडाला कुलूप लावून बसायचे असते तर एवढ्या थंडीत तीस-चाळीस किलोमीटर गाडीच्या हौद्यात कोणी आले नसते. फक्त आपला आवाज आपल्या खेळाडूंच्या दिशेने जावा. आपल्या खेळाडूचे नाव घ्यावे, चांगल्या पकडीला टाळ्या द्याव्यात, "शाब्बास", "सांभाळून", "वेळ आहे" असे हवे तेवढे ओरडावे. समोरच्या खेळाडूचे नाव मात्र पाहुण्याच्या तोंडात कौतुकासाठीच यावे. तो बाद झाल्यावर त्याला हात हलवून निरोप देणे, त्याच्या अंगकाठीवरून बोलणे, तो बाद होऊन बसलेला असताना त्याच्याकडे पाहून हसणे, यांतले काहीही त्या गावाला सहन होत नाही, कारण त्या ओळीत त्याचा भाऊ, काका आणि वर्गमित्र बसलेले असतात. जात, आडनाव, टोला (वस्ती) आणि गावाविषयीच्या जुन्या म्हणी यांना तर हात लावूच नये. दोन गावांमध्ये पिढ्यानपिढ्या चालत आलेली थट्टा असते हे खरे. पण ती सोयऱ्यांच्या पंगतीत शोभते, गुणफलक १८-१८ असताना नाही.

तोंडाने किंवा पिपाणीने शिट्टी वाजवू नये, ही सूचना फार कमी लोकांना माहीत असते, म्हणून ती जरा विस्ताराने सांगतो. कबड्डीत खेळाडू पंचाच्या शिट्टीवर थांबतात. चढाईपटूला चौघांनी धरलेले आहे, तो मध्यरेषेकडे बोट लांबवतो आहे, आणि त्याच क्षणी गर्दीतून शिट्टी आली तर कोणाची तरी पकड सैल होते. मग "शिट्टी झाली म्हणून सोडला" असे एक बाजू म्हणते, "पंचाची नव्हतीच" असे दुसरी म्हणते, आणि शिट्टी पाहुण्यांच्या टोळीतून आलेली असेल तर ती मुद्दाम वाजवली नव्हती हे कोणालाही पटवून देता येत नाही. तसेच चढाईच्या ३० सेकंदांची उलटी मोजणी मोठ्याने करू नये. चुकीच्या मोजणीने यजमानांचा चढाईपटू घाईने परतला तर त्याचा राग मोजणाऱ्यावर निघतो.

समोरच्या संघाने चांगला खेळ केला तर टाळी द्यावी. तीन किंवा त्याहून कमी खेळाडू उरलेले असताना त्यांनी आपला चढाईपटू पकडला, तर त्याबद्दल त्यांना एक जादा गुण मिळतो आणि सारे मैदान उठून उभे राहते. त्या वेळी बसल्या जागी दोन टाळ्या वाजवणाऱ्या पाहुण्याकडे शेजारी वळून पाहतात आणि पुढच्या वेळी आपल्या टाळीला हरकत घेत नाहीत. मात्र प्रत्येक गुणाला टाळ्या वाजवून खुशामत करू नये, ती लोकांना लगेच कळते. आपल्या संघाने लोण चढवला, म्हणजे समोरचा सगळा संघ बाद केला, तर आनंद व्हायचाच, एका फटक्यात दोन जादा गुण मिळतात. तो बसूनच करावा. उभे राहून नाचल्याने मागच्यांना मैदान दिसत नाही, आणि त्यांच्या संघाचे सगळे खेळाडू बाद झालेले असतात, हे दोन्ही एकाच वेळी घडते.

यजमानांचा खेळाडू जखमी झाला तर आवाज पूर्ण बंद करावा. घोट्याच्या पकडीत पाय मुरगळणे नेहमीचे असते, आणि तो तसाच पडून राहिला तर आपली गाडी प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत न्यायला तयार आहे, असे आयोजकांना सांगावे. सांगताना त्या पकडीत आपल्या खेळाडूची चूक होती की नव्हती, ही चर्चा काढू नये.

वादाचा क्षण

बहुतेक वाद दोन-तीन ठरावीक जागी होतात, आणि त्यांपैकी निम्मे नियम ठाऊक नसल्यामुळे होतात. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते, आणि त्यातच दोन्ही बाजूंना १ मीटरचा राखीव पट्टा असतो, ज्याला सगळे लॉबी म्हणतात. स्पर्श होण्याआधी खेळाडूचा पाय त्या पट्ट्यात पडला तर तो बाद होतो. स्पर्श झाला, झटापट सुरू झाली, की तोच पट्टा मैदानाचा भाग होतो आणि त्यातून परतणारा चढाईपटू वैध ठरतो. आता बाजूच्या दोराला बसलेल्या माणसाला पाय स्वच्छ दिसतो, पण त्याआधी बोटाचा स्पर्श झाला की नाही हे दिसत नाही, कारण मध्ये बचावपटूची पाठ असते. तो खरेपणाने "बाहेर, बाहेर" म्हणून ओरडतो, पंच गुण देतो, आणि पंचाने पक्षपात केला असे त्याला मनापासून वाटते. बोनसचे, म्हणजे चढाईपटूला बोनस रेषेपलीकडे पाय टाकल्याबद्दल मिळणाऱ्या गुणाचेही तसेच आहे: समोर किमान ६ बचावपटू असतील तरच बोनस मिळतो, पण ओरडणारा ते मोजत नाही. हे दोन नियम घरून निघण्यापूर्वी गाडीतल्या प्रत्येकाला समजावून द्यावेत. तेवढ्याने बरीच रात्र शांततेत जाते.

तरीही वाद होतोच. सरपंच, म्हणजे कबड्डीतले मुख्य पंच, मध्ये उभे राहतात, दोन्ही संघनायक त्यांच्याकडे जातात, आणि इकडे शेजारचा तरुण आपल्याकडे वळून म्हणतो, "तुमीच सांगा जी, लागला का नाही?" या प्रश्नाला दोन उत्तरे योग्य आहेत. दिसले नसेल तर "मले इथून दिसलं नाही जी" म्हणावे. दिसले असेल आणि निर्णय आपल्या संघाच्या विरुद्ध जाणारा असेल, तरी जे दिसले तेच सांगावे. दिसलेले आपल्या बाजूचे असेल तर मात्र ते बोलून दाखवण्यात अर्थ नाही. पाहुण्याच्या साक्षीवर कोणी निर्णय बदलत नाही, फक्त वाद दोरीच्या आतून बाहेर येतो. "सरपंच सांगतील ते खरं" म्हणून मोकळे व्हावे. पंचांशी बोलण्याचे काम संघनायकाचे आहे. दोर ओलांडून मैदानात पाऊल टाकायचे नाही, ही मर्यादा कोणत्याही परिस्थितीत पाळावी, कारण एक पाहुणा आत गेला की त्याच्यामागे यजमानांचे पन्नास लोक आत येतात आणि सामना तिथेच संपतो.

वजनगटाचे आणि बाहेरून आणलेल्या खेळाडूंचे आक्षेप सामना सुरू होण्याआधी व्यवस्थापकाने नोंदवावेत. हरायला लागल्यावर प्रेक्षकांतून "वजन करा, वजन करा" म्हणून गलका करणे हे रडीचे लक्षण आहे.

वातावरण तापले, कोणी धक्का दिला किंवा शिवी दिली, तर उलट उत्तर न देता आपल्या टोळीतल्या वयस्कर माणसाने उठावे आणि आयोजकांकडे जावे. पोलीस पाटील किंवा तंटामुक्त समितीचा अध्यक्ष बहुधा पाहुण्यांच्या खुर्च्यांवरच बसलेला असतो, आणि आपल्या गावात पाहुण्याला मार बसला ही बदनामी त्यांनाही नको असते. प्रकरण हातघाईवर गेले तर ११२ क्रमांक लावावा.

खर्रा, चहा आणि बक्षीस

शेजारी खर्रा, म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू, पुढे करील. घेणारे घेतील, पण घेतला नाही तरी चालतो. छातीला हात लावून "नाही खात जी" म्हटले की कोणी वाईट मानत नाही. थुंकायचे असेल तर उठून लांब जावे, कारण ज्या मातीवर आपण पिचकारी मारतो तिच्यावर थोड्या वेळाने अनवाणी पोरे धावणार असतात. चहा, भजे, आलुबोंडा गावातल्याच ठेल्यावरून घ्यावा, आणि दोन चहा जास्त सांगून शेजाऱ्यांना द्यावेत. संघासाठी मांडलेल्या जेवणात समर्थकांनी शिरू नये. ते जेवण वर्गणीतून आणि मोजून केलेले असते.

आपल्याकडे चांगल्या चढाईला किंवा पकडीला प्रेक्षकांतून रोख बक्षीस जाहीर करण्याची पद्धत आहे. पाहुण्यांनी यजमानांच्या एखाद्या खेळाडूला असे बक्षीस दिले तर त्यासारखा दुसरा मान नाही, पण ते देण्यातही तारतम्य हवे. खेळ खरोखर उत्कृष्ट असावा. पैसे निवेदकाकडे नेऊन द्यावेत, मैदानात फेकू नयेत, आणि रक्कम यजमानांनी आपल्या खेळाडूंना दिलेल्या बक्षिसापेक्षा फार मोठी नसावी, नाही तर कौतुकाचा श्रीमंती थाट होतो. आपला संघ मोठ्या फरकाने पुढे असताना समोरच्याला बक्षीस देणे टाळावे. त्या क्षणी ते भीक दिल्यासारखे दिसते. कोणता संघ जिंकणार यावर शेजाऱ्याशी पैज मुळीच लावू नये.

सामना संपल्यावर

जिंकलो तर खेळाडूंना खांद्यावर घेण्याची हौस आपल्या गावच्या वेशीत पुरवावी. मैदानावर टाळ्या, खेळाडूंच्या पाठीवर थाप आणि समोरच्या संघाशी हस्तांदोलन एवढे पुरे. शील्ड घेतल्यावर आयोजकांचा निरोप घेऊन निघावे, गावातून जाताना हॉर्न वाजवू नये, आणि शेवटच्या घरापर्यंत पानठेल्यावर गाडी थांबवू नये. हरलो तर बक्षीस समारंभापर्यंत थांबावे. उपविजेत्याचे नाव पुकारले जात असताना त्यांची गाडी गावाबाहेर धूळ उडवत गेलेली असणे, हे त्या संघाच्या खेळाडूंना खाली मान घालायला लावणारे आहे.

निघताना गाडीतली डोकी मोजावीत, कारण मागे राहिलेला एकटा माणूस हीच सर्वांत मोठी काळजी असते. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात रस्ता जंगलातून जात असेल तर मध्यरात्री दुचाकीने एकट्यादुकट्याने निघू नये. वाघाचा आणि रानडुकरांचा वावर असतो. मंडईच्या रात्री गावात नाटक असतेच, ते पहाटेपर्यंत चालते, आणि दोन्ही गावांचे लोक पुन्हा शेजारी बसून ते पाहू शकतात.

मोबाइलवर चित्रण करताना फक्त मैदानावरचा खेळ घ्यावा, प्रेक्षकांतल्या बायका-मुली नाही. जिंकल्याचा फोटो स्टेटसला ठेवायचा असेल तर आपल्या खेळाडूंचा आणि शील्डचा ठेवावा. समोरचा खेळाडू खाली पडलेला असतानाची चित्रफीत ठेवली तर गाडी घरी पोहोचण्याआधी ती त्या गावच्या ग्रुपवर गेलेली असते. दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकाने आयोजकांना फोन करून जखमी खेळाडूची विचारपूस करावी, आणि आपल्या गावची स्पर्धा ठेवायची असेल तर त्याच फोनवर त्यांच्या संघाच्या सोयीची तारीख विचारून घेऊन मगच पत्रिका छापायला द्यावी.